लाकडाचा वायू, चिकट टार आणि त्याला तोडणारे दगड

लाकूड, नारळाच्या करवंट्या, काजूची टरफले, उसाचे पाचट, भाताचे तूस ही सारी सामग्री जाळून उष्णता मिळवता येते, हे सर्वांना ठाऊक आहे. तीच सामग्री अपुऱ्या हवेत किंवा वाफेच्या सान्निध्यात तापवली, तर ती पूर्णपणे जळून न जाता ज्वलनशील वायूत बदलते. या वायूवर इंजिन चालवून वीज निर्माण करता येते, तसेच पुढील प्रक्रिया करून त्यापासून वाहनांचे इंधनही बनवता येते. या प्रक्रियेला वायुकरण म्हणतात आणि ती ज्या यंत्रात घडते त्याला वायुकारक किंवा गॅसिफायर. शेतातील व वनातील अवशेषांतून ऊर्जा मिळवण्याचा विचार निघाला, की या तंत्राचे नाव हमखास पुढे येते.

तंत्र नवे नाही. शंभराहून अधिक वर्षे ते परिचित आहे. तरीही ते म्हणावे तसे रुजले नाही. इंधनाचा पुरवठा, विजेचा दर, देखभालीचा खर्च अशी त्याची अनेक कारणे सांगता येतील. परंतु तांत्रिक कारणांची यादी करायची झाल्यास पहिले नाव टारचे घ्यावे लागेल. वायूबरोबर येणारा हा चिकट पदार्थ नळ्या तुंबवतो, इंजिनाच्या झडपा अडकवतो आणि पाण्याने धुऊन काढला तर ते पाणी विषारी करतो. या अडचणीवर जगभरच्या संशोधकांनी जे उपाय शोधले, त्यांतील एक अतिशय साधा वाटणारा उपाय म्हणजे तापलेला दगड.

टार म्हणजे नेमके काय?

कोरड्या लाकडाच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग तापवल्यावर वाफारूपाने बाहेर पडतो. उरतो तो कोळसा आणि थोडी राख. बाहेर पडणाऱ्या भागात हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड, मिथेन यांसारखे हलके वायू असतात. त्यांच्याबरोबरच कार्बनच्या कड्यांनी बनलेले अनेक जड सेंद्रिय पदार्थही असतात. बेंझीनपेक्षा जड रेणूंच्या या मिश्रणाला एकत्रितपणे टार म्हणतात. टोल्युइन, फिनॉल, नॅप्थॅलीन हे त्यातील काही घटक. कपड्यांच्या कपाटात ठेवल्या जाणाऱ्या पांढऱ्या गोळ्यांना मराठीत डांबराच्या गोळ्या म्हणतात, ते उगीच नव्हे. त्यांतील नॅप्थॅलीन मूळचे डांबरातूनच मिळवलेले. वायुकारकातील टारमध्येही हा घटक ठळकपणे आढळतो आणि तो तोडणे सर्वांत अवघड जाते.

वायू तापलेला असतो तोवर टार वाफेच्या रूपात असतो आणि त्रास देत नाही. वायू थंड होऊ लागला, की तो नळ्यांच्या आतल्या भिंतींवर साचू लागतो. त्यात राखेचे कण मिसळले, की घट्ट कीट तयार होते. म्हणूनच टारचा प्रश्न वायूच्या वापरावर अवलंबून असतो. गरम वायू जागच्या जागी भट्टीत जाळायचा असेल, तर टारही त्याबरोबर जळून जातो आणि उष्णताच देतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात उसाचे पाचट व चिपाडे यांवर चालणारा वायुकारक विकसित केला, तेव्हा त्यातील वायूचा उपयोग भट्टी तापवण्यासाठी केला होता. इंजिनासाठी मात्र वायू थंड करावाच लागतो आणि तेथून खरी कसोटी सुरू होते.

किती टार चालतो, याचा अंदाज काही आकड्यांवरून येईल. इंजिनासाठी एका घनमीटर वायूत टारचे प्रमाण साधारणपणे १०० मिलिग्रॅमच्या आत असावे, असे मानले जाते. वायू खालून वर जाणाऱ्या वायुकारकात हेच प्रमाण ५० ग्रॅमच्या आसपास, वाळूचा थर खेळता ठेवणाऱ्या वायुकारकात १० ग्रॅमच्या आसपास आणि वायू वरून खाली ओढून घेणाऱ्या वायुकारकात १ ग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे सर्वांत स्वच्छ प्रकारातही टार दहापटीने कमी करावा लागतो, तर इतर प्रकारांत शंभर ते पाचशे पटींनी.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेट्रोलची टंचाई झाली, तेव्हा भारतात कोळशाच्या वायूवर बसगाड्या धावल्या. त्यात लोणारी कोळसा वापरण्यामागे टारचेच कारण होते. कोळसा पाडताना लाकडातील वाफा आधीच निघून गेलेल्या असतात, त्यामुळे त्याच्या वायूत टार फारच थोडा असतो. पण कोळसा पाडताना लाकडातील ऊर्जेचा मोठा हिस्सा वाया जातो. त्या काळी अडचणीतून काढलेली ती वाट होती. आज अवशेषांपासून ऊर्जा मिळवताना ती परवडणारी नाही.

धुवावे, जाळावे की तोडावे?

टार काढण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग धुण्याचा. वायू पाण्याच्या फवाऱ्यातून नेला, की टारचा बराचसा भाग पाण्यात उतरतो. यंत्रणा सोपी व स्वस्त असल्याने छोट्या संचांत हाच मार्ग रूढ झाला. परंतु टार नाहीसा होत नाही, तो वायूतून पाण्यात जातो इतकेच. फिनॉलसारखे विषारी पदार्थ असलेले हे पाणी प्रक्रियेविना ओढ्यात सोडले किंवा खड्ड्यात जिरवले, तर आसपासच्या विहिरींना धोका निर्माण होतो. शिवाय टारमध्ये साठलेली ऊर्जाही पाण्याबरोबर वाया जाते.

दुसरा मार्ग तीव्र उष्णतेचा. ११०० ते १२०० अंश सेल्सिअसच्या पुढे टारचे रेणू आपोआप तुटतात. पण इतके तापमान राखण्यासाठी वायूचाच काही भाग जाळावा लागतो, महागड्या धातूंची व विटांची यंत्रणा लागते आणि राख वितळून भट्टीला चिकटण्याचा धोका असतो.

तिसरा मार्ग उत्प्रेरकाचा. रासायनिक अभिक्रिया घडवून आणणारा, पण स्वतः तिच्यात खर्ची न पडणारा पदार्थ म्हणजे उत्प्रेरक. त्याच्या पृष्ठभागावर टारच्या रेणूंची वाफेशी किंवा कार्बन डायऑक्साइडशी गाठ पडते आणि ८०० ते ९०० अंशांनाच ते तुटून त्यांचे हायड्रोजन व कार्बन मोनॉक्साइड बनतात. नॅप्थॅलीनच्या एका रेणूत कार्बनचे दहा व हायड्रोजनचे आठ अणू असतात. वाफेच्या दहा रेणूंशी त्याची पूर्ण अभिक्रिया झाली, तर कार्बन मोनॉक्साइडचे दहा आणि हायड्रोजनचे चौदा रेणू मिळतात. जो पदार्थ नळ्या तुंबवत होता, तोच अशा रीतीने इंधन होतो. उत्प्रेरकाच्या मार्गाचे खरे आकर्षण येथे आहे.

या कामासाठी निकेल हा धातू फार प्रभावी आहे. तो टारबरोबर मिथेनही तोडतो. मात्र तो महाग आहे, वायूतील गंधकाने तो निकामी होतो आणि टार जास्त असेल तर त्याच्यावर कार्बनचा थर चढून तो झाकला जातो. म्हणून संशोधकांची दृष्टी खाणीतून निघणाऱ्या, स्वस्त व वापरून झाल्यावर बदलता येणाऱ्या खनिजांकडे वळली. त्यांत दोन नावे प्रमुख ठरली: डोलोमाइट आणि ऑलिव्हिन.

डोलोमाइट : कामसू, पण ठिसूळ

डोलोमाइट हा चुनखडकाचा जवळचा नातलग. चुनखडक मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. डोलोमाइटमध्ये कॅल्शियमच्या जोडीला मॅग्नेशियमही असते. अठराव्या शतकाच्या अखेरीस देवदा द दोलोम्यू या फ्रेंच भूवैज्ञानिकाने त्याचे वेगळेपण नोंदवले आणि त्याच्याच नावावरून या खनिजाला व पुढे इटलीतील पर्वतरांगेलाही नाव मिळाले. भारतात ते दुर्मीळ नाही. ओडिशा व छत्तीसगडमध्ये त्याच्या मोठ्या खाणी आहेत, महाराष्ट्रात यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांत ते सापडते, तर बेळगाव व बागलकोट या भागांत पसरलेल्या कलादगी खडकसमूहातही त्याचे थर आहेत. पोलाद उद्योगात ते वापरले जाते आणि आम्लधर्मी जमीन सुधारण्यासाठी शेतकरी त्याची भुकटी शेतात टाकतात.

खाणीतून काढलेला डोलोमाइट टारवर फारसा परिणाम करत नाही. त्याला आधी भाजावे लागते. चुनखडी किंवा शिंपले भट्टीत भाजले, की कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन कळीचा चुना होतो. डोलोमाइटचेही तसेच होते. शुद्ध डोलोमाइटच्या १०० किलोंतून जवळजवळ ४८ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या ऑक्साइडांचा सच्छिद्र दगड मागे राहतो. या ऑक्साइडांचा गुण अल्कधर्मी असतो. टारमधील कड्यांचे रेणू त्यांच्या पृष्ठभागावर धरले जातात, त्या कड्या उघडतात आणि पुढची मोडतोड सुरू होते. दगडात लोहाचा थोडा अंश असेल, तर हे काम अधिक वेगाने होते.

स्पेनमध्ये झारागोझा व माद्रिद येथील संशोधकांनी १९९० च्या दशकात डोलोमाइटचा सविस्तर अभ्यास केला. वायुकारकाच्या पुढे भाजलेल्या डोलोमाइटचे वेगळे पात्र ठेवून त्यातून वायू नेला असता अनुकूल स्थितीत ९० टक्क्यांहून अधिक टार नाहीसा होऊ शकतो, असे अशा प्रयोगांतून दिसून आले.

मग अडचण कोठे आहे? पहिली अडचण दगडाच्या ठिसूळपणाची. वजनाचा निम्मा भाग गमावलेला हा दगड वाळूबरोबर घुसळला जाऊ लागला, की त्याची पूड होते. ती पूड वायूबरोबर उडून जाते. तेवढा नवा दगड सतत घालावा लागतो आणि वायूतील धूळ गाळण्याचे काम वाढते. दुसरी अडचण तापमानाची. वायूत कार्बन डायऑक्साइड असतोच. तापमान पुरेसे चढे राहिले नाही किंवा यंत्रातील दाब फार वाढला, तर कॅल्शियम ऑक्साइड तो पुन्हा शोषून घेते, भाजलेला दगड पुन्हा कार्बोनेट होतो आणि त्याचा प्रभाव ओसरतो.

ऑलिव्हिन : टणक, पण उशिरा जागा होणारा

ऑलिव्हिन हे मॅग्नेशियम व लोह यांचे सिलिकेट. ऑलिव्हच्या फळासारख्या हिरव्या रंगामुळे त्याला हे नाव मिळाले. त्याचे नितळ, मोठे स्फटिक पेरिडॉट या रत्नाच्या रूपाने अंगठीत बसवले जातात. पृथ्वीच्या कवचाखालील प्रावरणाचा वरचा भाग प्रामुख्याने याच खनिजाचा आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणातही त्याचे बारीक कण आढळतात; पण उद्योगासाठी लागतो तो जवळपास शुद्ध ऑलिव्हिनचा ड्यूनाइट हा खडक. नॉर्वेत त्याच्या मोठ्या खाणी आहेत आणि भारतात तमिळनाडूतील सेलमजवळ तो आढळतो.

डोलोमाइटची कठिणता मोह्स मापनश्रेणीवर साडेतीन ते चार, तर ऑलिव्हिनची साडेसहा ते सात. त्यामुळे खेळत्या थरात तो टिकून राहतो. खेळता थर म्हणजे काय, हे भडभुंज्याच्या कढईवरून समजू शकेल. तापलेल्या वाळूत टाकलेला तांदूळ क्षणात फुलतो, कारण वाळूचा प्रत्येक कण त्याला उष्णता देतो. वायुकारकात हीच वाळू खालून सोडलेल्या हवेच्या किंवा वाफेच्या झोतावर अधांतरी राहून उकळत्या पाण्यासारखी खदखदत असते. साध्या वाळूच्या जागी ऑलिव्हिन घातला, की उष्णता देण्याचे आणि टार तोडण्याचे अशी दोन्ही कामे एकाच थरात होतात.

मात्र ताजा ऑलिव्हिन आळशी असतो. त्याचे लोह स्फटिकाच्या आत अडकलेले असते. तो हवेत ९०० अंशांना कित्येक तास तापवला, की लोह पृष्ठभागाकडे सरकते आणि दगड सक्रिय होतो. नेदरलँड्समधील संशोधकांनी दहा तास असा तापवलेला ऑलिव्हिन वापरून नॅप्थॅलीनचे सुमारे ८० टक्के विघटन साधले.

मग दोघांत श्रेष्ठ कोण? हाच प्रश्न घेऊन स्पॅनिश संशोधकांनी २००४ मध्ये दोन्ही दगडांची तुलना केली. टार काढण्यात डोलोमाइट ऑलिव्हिनपेक्षा १.४ पट प्रभावी ठरला; पण त्याने वायूत चार ते सहा पट अधिक धूळ सोडली. श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवताना दगडाने काय काढून टाकले, याइतकेच तो मागे काय ठेवून जातो, हेही मोजावे लागते, हा या तुलनेचा बोध.

दोन गावांचा अनुभव

प्रयोगशाळेतील निष्कर्ष कारखान्यात टिकतात का, याचे उत्तर युरोपातील दोन प्रकल्पांनी दिले. ऑस्ट्रियात हंगेरीच्या सीमेजवळ ग्युसिंग हे सुमारे चार हजार वस्तीचे गाव आहे. व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठातील हर्मन होफबाउअर यांच्या गटाच्या संशोधनावर आधारलेला प्रकल्प तेथे २००२ च्या सुमारास सुरू झाला. लाकडाच्या रूपाने ८ मेगावॅट ऊर्जा घेऊन तो सुमारे २ मेगावॅट वीज आणि गावातील घरांसाठी साडेचार मेगावॅट उष्णता देत असे. त्याचे दोन कप्पे होते. एका कप्प्यात वाफेच्या साहाय्याने लाकडाचे वायुकरण होई, दुसऱ्यात उरलेला कोळसा हवेत जळे. आणि दोन्ही कप्प्यांमध्ये फिरत राहून उष्णता वाहून नेण्याचे काम ऑलिव्हिनची वाळू करी.

येथे एक लक्षणीय गोष्ट दिसून आली. दीर्घकाळ फिरत राहिलेला ऑलिव्हिन ताज्या ऑलिव्हिनपेक्षा पुष्कळ चांगले काम करत होता. लाकडाच्या राखेतील कॅल्शियमने प्रत्येक कणावर थर चढवला होता आणि हा थरच टार तोडण्यास मदत करत होता. म्हणजे टणक दगडावर चुन्याचे कवच बसून दोन्ही खनिजांचे गुण एकत्र आले होते. नवा तवा वापराने तयार होतो, तसाच हा प्रकार. एवढे करूनही उरलेला टार काढण्यासाठी वायू मोहरीवर्गीय रेपसीड तेलापासून बनवलेल्या जैवडिझेलने धुतला जाई. टारने भरलेले ते जैवडिझेल पुन्हा भट्टीतच जाळले जात असल्याने दूषित पाण्याचा प्रश्न उरला नाही. विजेच्या हमीदराची मुदत संपल्यावर २०१६ मध्ये हा प्रकल्प बंद पडला. तंत्र यशस्वी झाले, हिशेब मात्र जुळला नाही.

दुसरा अनुभव स्वीडनमधील गोथेनबर्ग शहराचा. लाकडापासून नैसर्गिक वायूच्या तोडीचा मिथेन बनवून तो शहराच्या वायुवाहिनीत सोडणारा २० मेगावॅट क्षमतेचा ‘गोबिगॅस’ प्रकल्प तेथे उभारला गेला आणि २०१४ च्या अखेरीस त्यातून वायूचा पुरवठा सुरू झाला. आरंभी ऑलिव्हिन अपेक्षेप्रमाणे सक्रिय झाला नाही. टार वाढला आणि वायू थंड करणारी यंत्रणा तुंबू लागली. अभियंत्यांनी थरात पोटॅशियम कार्बोनेट घातले, तेव्हा टार आटोक्यात आला. लाकडाच्या राखेतील जे क्षार एरवी वाळूचे गोळे बनवून त्रास देतात, तेच योग्य प्रमाणात मित्र ठरू शकतात, हे यावरून स्पष्ट झाले. हाही प्रकल्प आर्थिक कारणांनी २०१८ मध्ये थांबवण्यात आला.

ऑलिव्हिनच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. त्यात निकेल व क्रोमियम यांचा अल्प अंश असतो. झिजलेली वाळू राखेत मिसळते आणि ती राख खत म्हणून शेतात टाकण्यास अडथळा निर्माण होतो. म्हणूनच चुनखडक, फेल्डस्पार यांसारख्या निरुपद्रवी खनिजांचा पर्याय अलीकडे तपासला जात आहे.

येथील परिस्थितीत

हे दगड कोणत्याही वायुकारकाला सरसकट लागू पडतील, असे मात्र नाही. ८०० अंशांच्या खाली ते जवळजवळ निष्क्रिय असतात. भारतातील छोट्या संचांत बहुधा वायू वरून खाली ओढणारे वायुकारक असतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने विकसित केलेला, वरून उघडा असलेला वायुकारक याच प्रकारचा. अशा यंत्रात वायू निखाऱ्यांच्या थरातून जात असल्याने टार मुळातच कमी राहतो; परंतु बाहेर पडताना वायूचे तापमान खूप उतरलेले असते. तेथे डोलोमाइटचे पात्र बसवायचे तर वायू पुन्हा तापवावा लागेल आणि तो खर्च छोट्या संचाला पेलणार नाही. त्यामुळे खनिज उत्प्रेरकांचे खरे क्षेत्र मोठ्या, खेळत्या थराच्या प्रकल्पांचे आहे.

इंधनानेही फरक पडतो. काजूच्या टरफलात फिनॉलवर्गीय तेल असते. तेच तेल रंग व राळ उद्योगाला उपयोगी पडत असले, तरी वायुकारकात त्यामुळे जड टार वाढतो. तेल आधी काढून घेणे हा तेथे कोणत्याही दगडापेक्षा चांगला उपाय ठरतो. भाताच्या तुसात सिलिका भरपूर असते, तर पाचटासारख्या शेतातील अवशेषांत पोटॅशियमसारखे क्षार लाकडापेक्षा अधिक असतात. त्यांची राख दगडाशी कशी वागेल, हे लाकडावरच्या अनुभवावरून गृहीत धरता येत नाही.

गोवा, कोकण आणि सीमाभागात काजू, नारळ, भात व ऊस यांच्या अवशेषांतून वीज किंवा इंधन बनवण्याचे प्रस्ताव पुढेही येत राहतील. त्यांवर जनसुनावणीत किंवा ग्रामसभेत चर्चा होते, तेव्हा किती मेगावॅट वीज आणि किती जणांना रोजगार, हे आकडे सर्वप्रथम मांडले जातात. त्यांच्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारणे हिताचे ठरेल. वायूतील टार शेवटी कोठे जाणार? धुण्याचे पाणी असेल, तर त्यावर कोणती प्रक्रिया होणार? आणि उत्प्रेरक म्हणून दगड वापरला जाणार असेल, तर झिजलेल्या दगडाची धूळ व राख कोठे टाकली जाणार? या प्रश्नांना स्पष्ट उत्तरे असतील, तर प्रकल्प विचारपूर्वक आखलेला आहे असे समजावे. नसतील, तर विजेचे दिवे लागण्यापूर्वीच गावाच्या विहिरींची काळजी करण्याची वेळ आलेली असेल.